न आलेला गूळ

दोन हजार तेवीस साल. मी तेव्हा बाहत्तर वर्षांचा होतो. आधार कार्डावर एकोणसत्तर आहे, ते कार्ड काढणाऱ्यानं स्वतःच्या मनानं टाकलं. मी भांडलो होतो, तो म्हणाला राहू द्या आबा, तरुण दिसाल. राहू दिलं. पण खरं वय बाहत्तर.

माझं शिक्षण तिसरीपर्यंत, आणि तिसरीही अर्धीच. मास्तरांनी सगळ्यांसमोर मला माकड म्हटलं आणि मी पाटी तिथंच ठेवून घरी आलो. बाप मागं लागला, आई रडली, मी गेलो नाही. वाचता येतं, सावकाश. लिहिताही येतं, त्याहून सावकाश. हे सगळं मी स्वतःच्या हातानं लिहितो आहे, कुणाला सांगून लिहवून घेतलेलं नाही. वेळ लागला तर लागू दे, मला आता कुठं जायचं आहे.

आमचं गाव तापीच्या काठच्या सपाटीवर, नंदुरबार तालुक्यात. नाव लिहीत नाही. गाव म्हणजे शेतकऱ्यांची घरं, आणि गावापासून शेतं ओलांडून पलीकडं भिल्लांची वस्ती. ग्रामपंचायत दोघांची एकच. पण वस्तीवरची माणसं गावात कामापुरती येतात, आणि गावातली माणसं वस्तीवर मजूर बोलवायला जातात, तेवढंच. कुणाच्या घरी काय चाललं आहे हे एकमेकांना ठाऊक नसतं.

त्या साली आमची सरपंच होती माझी धाकटी सून. जागा बायांसाठी राखीव निघाली, आणि तिला उभं करा असं मीच सगळ्यांना सांगितलं. ती तळोद्याची, बारावी शिकलेली, कामाला चोख. लोक म्हणाले, आता आबा राज्य करणार. मी तिच्या ऑफिसात पायसुद्धा ठेवला नाही. राज्य माझा मुलगा करायला लागला. तिच्या खुर्चीत तो बसायचा, फोन तो घ्यायचा, ती बाजूला स्टुलावर बसून सांगितलं तिथं सही करायची. रस्त्यानं जाताना उघड्या दारातून मला दिसत होतं. पण नवरा-बायकोच्या मधे सासऱ्यानं तोंड घालायचं नाही असं आमच्या घरात आहे, म्हणून गप्प होतो.

सव्वीस जानेवारीची ग्रामसभा होती. झेंडा झाला, पोरांना जिलेबी वाटली, मग ग्रामसेवकानं वर्षातली कामं वाचायला घेतली. ग्रामसेवक वाचतो म्हणजे एसटी घाटातून उतरते तसा वाचतो, मधे थांबा नाही. गटार पूर्ण, अंगणवाडीचा रंग पूर्ण, वस्तीवर निंबाच्या झाडाजवळ नवीन बोअर हातपंपासह पूर्ण. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. घरी येताना रस्त्यात माझा पाय थांबला.

बोअर झाला आणि माझ्या घरी गूळ आला नाही.

आमच्याकडची रीत सांगतो. विहीर असो का बोअर असो, पाणी लागलं की पहिली बादली मारुतीला घालायची, आणि गूळ दारोदार वाटायचा. ज्याचं पाणी त्याचा गूळ. पंचायतीचं पाणी असलं तर ठेकेदाराचा गूळ. घरात जो सगळ्यात म्हातारा त्याच्या हातावर पहिला खडा ठेवायचा, मग पोराबाळांना. माझ्या बापाच्या काळापासून हे चालत आलं आहे. दुष्काळाच्या साली विहिरीला जेमतेम गुडघाभर पाणी लागलं तरी बापानं उसना गूळ आणून वाटला होता. लोक भांडणातल्या माणसाच्या घरीसुद्धा गूळ नेतात, उंबऱ्यावर ठेवून परत फिरतात, पण नेतात. गूळ न देणं म्हणजे, तू आमच्या गावाचा नाहीस.

आणि मी तर सरपंचाचा सासरा.

माझ्या डोक्यात असा राग गेला की मी त्या संध्याकाळी जेवलो नाही. सुनेनं दोनदा ताट वाढलं, दोनदा झाकून ठेवलं. काय झालं ते मी सांगितलं नाही. गूळ मिळाला नाही म्हणून रुसलो, असं बाहत्तर वर्षांच्या माणसानं कसं सांगायचं. माझी बायको असती तर तिला कळलं असतं. ती गेली त्याला आता बरीच वर्षं झाली.

मी शेजारी विचारलं, आडून. ते म्हणाले, आम्हालाही नाही आला, वस्तीवर वाटला असेल, बोअर त्यांचा आहे ना. पारावर विचारलं, तिथंही तेच. सगळं गाव असं धरून बसलं होतं की गूळ वस्तीनं खाल्ला. मग माझा राग वस्तीकडं वळला. आमच्या पंचायतीचं पाणी घेता, ठेकेदाराचा गूळ खाता आणि गावाला एक खडा पाठवत नाही. दुसऱ्या दिवशी काठी घेतली आणि शेतातून वस्तीवर गेलो, भांडायलाच गेलो.

वस्ती त्या दिवसांत निम्मी रिकामी असते. दिवाळी झाली की धडधाकट माणसं ऊसतोडीला गुजरातेत जातात, ती होळीला परत येतात. मागं राहतात म्हातारी माणसं, लहान पोरं, शेळ्या आणि कोंबड्या. एक म्हातारी दारात बसून तुरी बडवत होती. ती माझ्याच वयाची, पूर्वी आमच्या शेतात निंदायला यायची, माझ्या बायकोची आणि तिची फार गट्टी. तिनं मला बघितलं आणि तोंड फिरवलं. बस म्हटलं नाही, पाणी दिलं नाही. मी मनात म्हटलं, चोराच्या उलट्या बोंबा त्या ह्याच.

मी काही बोलायच्या आधी तीच बोलली.

"तुम्ही गूय खाई लिन्हा पाटील, आन आम्हले इसरी गयात."

मी म्हणालो, बाई, गूळ तुम्ही खाल्ला. बोर तर तुम्हना आठे शे, वस्तीवर.

तिनं हातातलं लाकूड खाली ठेवलं. "आठे? कोठे शे? मले दखाडा."

तिचा समज असा की बोअर गावात झाला. तिच्या नातवानं शाळेत ऐकलं होतं की पंचायतीनं बोअर केला, आणि तिनं धरून ठेवलं की गावानं स्वतःच्या दारात केला, आणि गूळही स्वतःच खाल्ला. महिनाभर ती आमच्यावर रुसून होती आणि मी काल रात्रीपासून तिच्यावर. आम्ही दोघं निंबाच्या झाडाकडं गेलो. झाडाखाली शेळी बांधलेली होती. बाकी माती. नळी नाही, दांडा नाही, ओटा नाही, साधं उकरलेलंसुद्धा नाही. म्हातारी शेळीकडं हात करून म्हणाली, हाच तुम्हना बोर, दूध देतो. आणि हसायला लागली. मला हसू आलं नाही.

पाणी त्यांना अजूनही मधल्या शेतातल्या मोटरीवरूनच आणावं लागायचं. लाईट आली की बाया हंडे घेऊन पळायच्या, शेतमालक खुशीत असला तर भरू द्यायचा.

परत येताना माझा राग होताच, पण त्यानं जागा बदलली होती. माझा अपमान झाला नव्हता. पंचायतीची चोरी झाली होती. पंचायत म्हणजे गावाचं घर, त्या घरातून कुणीतरी भांडं उचलून नेलं, आणि ग्रामसभेत माना हलवणाऱ्यांत मीही एक होतो.

मुलाला विचारलं. तो अंगणात मोटरसायकल पुसत होता. तो म्हणाला, आबा, तुम्हले काय करनं शे, कामं अशीच होतात, आधी कागद होतो मग काम होतं. मी विचारलं, कागदाला पाणी लागलं का? तो पुसतच राहिला. ठेकेदार त्याचा दोस्त. दोघं ढाब्यावर बसणारे, सारंगखेड्याच्या यात्रेला एका गाडीत जाणारे. माझा मुलगा चोर नाही, हे मी बाप म्हणून सांगत नाही. त्याला नाही म्हणता येत नाही, लहानपणापासून येत नाही. त्याच्या वाट्याचं नाहीसुद्धा मलाच म्हणावं लागतं.

त्यानं ठेकेदाराला सांगितलं असणार, कारण संध्याकाळी ठेकेदार स्वतः आमच्या दारात. पांढरी गाडी, पांढरे कपडे. डिकी उघडली आणि गुळाची अख्खी भेली उचलून आणून माझ्या खाटेवर, माझ्या शेजारी ठेवली. मी आणि ती भेली, दोघं पाहुण्यासारखे बसलो.

"आबा, राग सोडा," तो म्हणाला. "तुम्हना गूय लई उनू."

मी म्हणालो, "गूय पानीना ऱ्हास. पहिले पानी दखाड."

तो हसला. फार गोड हसतो तो. म्हणाला, बोर काय पयी जाई ऱ्हायना का, पळून थोडाच जातो, मार्च सरू द्या, मी सोता उभा राहीसन खंदी देस. वस्ती आता रिकामी आहे, पाणी प्यायचं कुणाला आहे? मी त्याला म्हणालो, म्हातारी माणसं आणि पोरं पाणी पीत नाहीत असं तुला कुणी सांगितलं. मग तो जरा जवळ सरकला आणि हळू आवाजात म्हणाला की आबा, काम पूर्ण झालं म्हणून सही तुमच्या सुनेची आहे. माझं काय, मी ठेकेदार, मी दुसऱ्या गावात काम घेईन. पद तिचं जाईल, नाव तिचं जाईल, पेपरात तिचं छापून येईल. एवढं बोलून पुन्हा मोठ्यानं, गूळ खा आबा, चांगला आहे.

भेली मी उचलली. जड होती, पण उचलली, आणि त्याच्या डिकीत नेऊन ठेवली. झाकण लावता आलं नाही, तसली झाकणं मला जमत नाहीत. ते त्यानं लावलं.

तो बोलला ते खोटं नव्हतं. मला झोप येईना ती त्यामुळंच. तक्रार केली तर पहिला दगड माझ्याच सुनेला लागणार. तिला मी उभं केलं होतं. तिनं गटारं करून घेतली, अंगणवाडीत रोज जाऊन खिचडी चाखून बघितली, दारूचं दुकान उठवताना चार माणसांच्या शिव्या खाल्ल्या. आणि तिचं नाव जाणार या एका बोअरपायी, जो नाहीच.

सकाळी वहीचं पान फाडून लिहायला बसलो. दोन दिवस लागले. ठेकेदारानं बोअर न करता केला असं दाखवलं, ग्रामपंचायतीला फसवलं, मी स्वतः जागा बघितली, येऊन बघा. एवढंच. सरपंचाचा शब्द मी त्यात येऊ दिला नाही. मला वाटलं, मी फार हुशारी केली.

आता हे सुनेला सांगायचं कसं? घरात ती माझ्यासमोर बसत नाही. डोक्यावर पदर, दाराआडून बोलणार, हो आबा, नाही आबा, संपलं. असल्या बोलण्यात पंचायतीचं काम होत नाही. म्हणून मी धुतलेलं धोतर नेसलो, टोपी घातली, आणि पहिल्यांदा ग्रामपंचायतीच्या ऑफिसात गेलो. तक्रार सरपंचाला दाखवायची, सुनेला नाही.

मुलगा तिच्या खुर्चीत बसला होता, मोबाईल बघत. ती स्टुलावर. ग्रामसेवक बाहेर गेलेला.

मी त्याला म्हणालो, "ऊठ. हाई खुर्ची तुन्ही नही."

तो माझ्याकडं बघत राहिला. तो उठला, चहा सांगून येतो म्हणाला, आणि जो गेला तो परत आला नाही. मी सुनेला म्हणालो, सरपंच, बसा. ती उभीच. पदर डोक्यावर ओढला. मी म्हणालो, घरी तू माझी सून आहेस, इथं मी गावातला माणूस आहे आणि अर्ज घेऊन आलो आहे, तू उभी राहिलीस तर मी कुणाला अर्ज देऊ? मग ती बसली. खुर्चीच्या अगदी कडेला, पण बसली. मी समोरच्या बाकावर.

तिनं माझा कागद वाचला. माझं अक्षर तिला माहीत नव्हतं, वेळ लागला. ऑफिसात ती शाळेतली मराठी बोलायची, घरात आमच्यासारखी. तिनं सांगितलं ते असं. दिवाळीनंतर ठेकेदार मोबाईलवर फोटो घेऊन आला. फोटोत बोअरमधून पाणी उडत होतं, बाया हंडे घेऊन उभ्या होत्या, पोरं भिजत होती. तिला फार आनंद झाला. वस्तीवर जाऊन बघते म्हणाली, तर नवरा म्हणाला, फोटो दिसतो आहे ना, आणि तालुक्याच्या ऑफिसची माणसं खोळंबली आहेत. तिनं सही केली.

मग तिनं मान खाली घातली आणि म्हणाली, "आबा, त्या फोटोत मागं डोंगर होता."

मला कळलं नाही. ती म्हणाली, आपल्या वस्तीमागं डोंगर कुठं आहे? चारी बाजूंनी शेत आहे. पण माझं माहेर तळोद्याचं. तिथं लग्नाचा फोटो काढा, शाळेचा काढा, बैलाचा काढा, मागं सातपुडा येतोच. मी लहानपणापासून तसेच फोटो बघितले. म्हणून डोळ्याला खटकलं नाही. सही झाल्यावर आठ-दहा दिवसांनी भाकरी थापताना एकदम ध्यानात आलं, आणि तेव्हापासून कुणाला सांगायचं कळत नव्हतं.

आमच्याकडून सातपुडा दिसतो, नाही असं नाही. थंडीत, हवा साफ असली तर, उत्तरेला निळी रेघ. फोटोत येण्यासारखा नाही. सपाटीवरच्या माणसानं तो फोटो बघितला असता तर त्याच क्षणी बोट ठेवलं असतं. माझ्या मुलानं बघितला होता. त्याला दिसला नसेल, का दिसला असेल, हे मी त्याला आजवर विचारलेलं नाही.

मी तिला म्हणालो की कागदात तुझं नाव नाही, मी ते टाकलेलं नाही, तू काळजी करू नको. तिनं कागद माझ्यापुढं ठेवला.

"सही माझी आहे, आबा. ती लिहा."

मी म्हणालो, पद जाईल तुझं.

"जाईल तर जाईल. तुम्ही लिहिलं नाही तर लोक म्हणतील सासऱ्यानं सुनेला झाकलं, आणि मग बाकीचंही कुणी खरं मानणार नाही. फोटो बघून सही केली, जागेवर गेले नाही, हे मी स्वतः लिहून देते. माझं चुकलं तेवढं माझं. त्याचं मी अंगावर घेणार नाही."

मला आयुष्यात कुणी असं समोरासमोर ऐकवलेलं नाही, आणि मी ऐकून घेतलेलं नाही. त्या दिवशी घेतलं. तिनं पेन दिला. मी खाली जागा होती तिथं लिहिलं की काम झाल्याची सही सरपंचाची आहे, सरपंच माझी सून आहे. तिनं वेगळ्या कागदावर स्वतःचं लिहिलं, शिक्का मारला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही नंदुरबारला गेलो. ती पुढं बायांच्या जागेवर, मी मागं. तालुक्याच्या ऑफिसात एक कारकून होता, चांगला माणूस, पण त्याला घाई. म्हणाला, टाईप करून आणा. मी म्हणालो, माझं अक्षर वाचता येत नसेल तर मी वाचून दाखवतो. मी वाचायला सुरुवात केली, मोठ्यानं, सावकाश. दोन ओळीत त्यानं कागद घेतला. मग शेवटची ओळ वाचून म्हणाला, आबा, हे घरातलं भांडण दिसतं, घरात मिटवा. मी म्हणालो, बोअर घरातला असता तर घरात मिटवला असता. तेवढ्यात सुनेनं तिचा कागद पुढं केला आणि सांगितलं की मीच सरपंच. तो उठून आत साहेबांकडं गेला.

साहेब तरुण होते. त्यांनी दोन्ही कागद वाचले, मला काही विचारलं नाही, सुनेला विचारलं की याचा परिणाम काय होईल ते तुम्हाला माहीत आहे ना. ती म्हणाली, माहीत आहे, म्हणून तर आले. ते म्हणाले, उद्या अकरा वाजता आमचा माणूस जागेवर येईल, पंचनामा होईल. पोच घेतल्याशिवाय मी उठलो नाही. शिक्का पुसट उमटला होता, दुसरा मारून घेतला.

आम्ही गावात उतरलो तर स्टँडवर बोअरची गाडी उभी. मोठी, लोखंडाची शिडी पाठीवर आडवी घेतलेली, मद्रासकडच्या नंबरची. शेजारच्या कोरीट गावाकडं कुणाच्या शेतात आली होती, तिथून ठेकेदारानं ती इकडं वळवली. आम्ही तालुक्याच्या पायऱ्या उतरायच्या आत फोन पोचला होता, कुणी केला ते मला कळलं नाही. गाडीवरची पोरं थकलेली, आता अंधार पडेल, सकाळी सहाला सुरू करू म्हणाली. सहाला सुरू केलं तर अकरापर्यंत भोक पडतं, वर हातपंपाचं डोकं बसतं. मग पंचनामा कसला? बोअर आहे, हे बघा.

मुलगा अंगणात वाट बघत होता. या वेळी तो चिडलेला नव्हता, विनवणी करत होता.

"आबा, सकायले बोर व्हई जाई. तुम्ही घरमा बठा. घरनी इज्जत घरमा ऱ्हाई."

म्हणाला, तुमचा कागद खोटा पडेल एवढंच, तुम्ही म्हातारे, लोक विसरतील. पण हिचं पद राहील, हिचं नाव राहील, वस्तीला बोअर मिळेल. सगळ्यांचं भलं. त्याचं बोलणं बरोबर बसत होतं. मी खोटा पडलो तर सून वाचते. माझं काय, खोटा पडायला किती वर्षं उरली. मी हे मनात घोळवलं, लपवत नाही.

तसाच वस्तीवर गेलो. म्हातारी चुलीपुढं होती. या खेपेला तिनं बस म्हटलं. मी सांगितलं, उद्या गाडी येणार आहे, झाडाखाली बोअर खणणार आहेत. माझ्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवून तिनं विचारलं, "हाऊ बोर पानीकरता शे का सायेबकरता?"

आमच्या भागात जमीन गाळाची. खालपर्यंत पाईप घातला नाही तर भोक पावसाळ्याच्या आत गाळानं बुजतं. हे तिलाही माहीत, मलाही. घाईत पाईप कोण घालणार?

मी म्हणालो, साहेबाकरता.

"मंग ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "पानीकरता करतीन तव्हय करतीन."

घरी आलो तेव्हा दिवे लागले होते. सून मागच्या ओट्यावर भांडी घासत होती. मुलाचं बोलणं तिनं आतून ऐकलंच असणार. तिला एका शब्दानं मला थांबवता आलं असतं. आबा, जाऊ द्या, एवढं म्हणाली असती तरी मी थांबलो असतो. मी ओट्याच्या कडेला उभा राहिलो. तिनं हात धुतले, पदर सारखा केला आणि दाराआडून नाही, समोरून म्हणाली, "आबा, सकायले लवकर निंघनं पडी."

मी म्हणालो, हां.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, पुरतं उजाडायच्या आत, मी माझी खाट उचलली. एकट्यानं डोक्यावर घेऊन निघणार होतो. डोक्याकडच्या दांड्यावर हात घातला तर पायथ्याची बाजू आधीच वर उठली होती. सुनेनं धरली होती. असं आमच्या गावात कुणी बघितलेलं नाही, सासरा पुढं, सून मागं, मधे खाट, आणि भर गल्लीतून. बाया झाडता झाडता थांबल्या. पारावर एकानं विचारलं, "आबा, खाट लई कोठे चालनात?" मी म्हणालो, "बठाले." दुसरा म्हणाला, घरात जागा नाही का? मी म्हणालो, घरात बसूनच तर हे झालं.

गाडी आमच्या आधी पोचली होती. शिडी उभी करायची चालली होती, इंजिन धडधडत होतं, शेळी सोडून दूर बांधलेली. ठेकेदार पांढऱ्या कपड्यांत, हात जोडून पुढं आला, आबा, आबा करत. मी त्याच्या बाजूनं गेलो. निंबाखाली जिथं त्यांनी चुन्यानं फुली मारली होती त्या फुलीवर आम्ही खाट टाकली. चारी पाय हलवून बघितले, नीट बसले. सून पंचायतीचा शिक्का असलेली पिशवी घेऊन गाडीवाल्याकडं गेली आणि त्याला सांगितलं की मी सरपंच आहे, पंचायतीनं हे काम तुम्हाला सांगितलेलं नाही. त्याला मराठी येत नव्हती. तिनं हिंदीत सांगितलं. त्यानं ठेकेदाराकडं बघितलं, मग तिच्याकडं.

अकरा वाजायला अजून पुष्कळ वेळ होता. मी पायातल्या वहाणा काढून खाटेखाली सारल्या, वर मांडी घालून बसलो, आणि गाडीवाल्याला हातानं खूण केली की इंजिन बंद कर, उगाच डिझेल जाळू नकोस.